मागून गाडी उचलायची, पण कशानं? ब्लॉक, शॅकल, जादा पाटा की नवा सेट

पावसाळ्यात मोहोळ-माढ्याकडच्या काळ्या रानात गाडी घातली की आधी टायर अडकत नाही, अडकतो तो मागच्या एक्सलचा गोळा. उसाच्या ट्रॉल्यांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात, मधे वरंबा उभा राहतो आणि डिफरन्शियल त्या वरंब्यातून नांगरासारखं माती ओढत जातं. मग ठरतं की मागचे पाटे, म्हणजे एक्सलवर गाडीचं ओझं तोलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, उचलायचे.

इथंच एक गैरसमज काढून टाकू. पाट्यांत काहीही केलं तरी तो गोळा जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही. वर जाते ती चेसिस, डिझेलची टाकी, सायलेन्सर, मागचा बंपर. गोळा वर न्यायचा तर टायर मोठा लागतो, आणि टायरचा व्यास २ इंचांनी वाढला तरी गोळा १ इंचच वर येतो. पाटे उचलल्यानं त्या मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा मिळते, बस्स. म्हणून आपल्याकडच्या वाटांसाठी दीड ते २ इंच उचल पुष्कळ झाली. त्यापुढचा प्रत्येक इंच प्रॉपेलर शाफ्टकडून (गिअरबॉक्सचा जोर मागच्या एक्सलला नेणारा दांडा) आणि वळणावरच्या तोलाकडून वसूल होतो.

ही तुलना मागे पाटे असलेल्या गाड्यांसाठी आहे: बोलेरो, २०१० ते २०२० मधली जुनी थार, जिप्सी, जुन्या महिंद्रा जीप, इसुझू व्ही-क्रॉस, हायलक्स. २०२० नंतरची थार आणि जिम्नी यांना मागे कॉइल आहे, त्यांचा हिशेब वेगळा.

आधी टेप घ्या

सपाट फरशीवर, टाकी भरलेली आणि नेहमीचं ओझं गाडीत ठेवून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. मग सगळं ओझं उतरवून पुन्हा मोजा. दोन्ही बाजूंत फरक असेल, तर तुम्हाला उचल नव्हे, आधी दुरुस्ती हवी: एका बाजूचा पाटा बसलाय किंवा मोडलाय. दहा वर्षं जुन्या बोलेरोत पुष्कळदा एवढंच निघतं. कारखान्यातली कमान परत आली की इंच-सव्वा इंच आपोआप मिळतो आणि "लिफ्ट"ची गरजच उरत नाही.

गाडीखाली वाकून हेही बघा, की पाटा एक्सलच्या वर आहे की खाली. जिप्सीत तो खाली असतो. अशा गाडीत पाटा आणि एक्सल यांच्यामधे ब्लॉक, म्हणजे ठोकळा, घातला तर गाडी वर जाण्याऐवजी खाली बसते. ब्लॉक फक्त पाटा एक्सलच्या वर असलेल्या गाडीलाच चालतो.

ब्लॉक

सगळ्यात सरळ हिशेब: २ इंचाचा ब्लॉक, २ इंच उचल. पाटे तेच राहतात, त्यामुळे गाडीची चाल आहे तशीच मऊ राहते. स्वस्तातल्या पर्यायांत बसायला हाच सगळ्यात सुखाचा. प्रॉपेलर शाफ्टचा उतार वाढतो, पण पिनियनचा, म्हणजे शाफ्ट जिथं गोळ्याला जोडतो त्या नाकाचा, कोन बदलत नाही, म्हणून दीड-दोन इंचांपर्यंत तो जुळवायला बहुधा पाचर घालावी लागत नाही.

गोम आहे ती पिळात. चाकानं जोर लावला की एक्सल उलट्या दिशेला फिरायला बघतो आणि त्याला अडवतो तो पाटाच. मधे ब्लॉक आला की त्या जोराला लांब दांडा मिळतो. जुन्या थारचं सीआरडीई इंजिन २४७ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. लो गिअरमधे चिखलातून उचल घेताना तो कित्येक पटींनी वाढून एक्सलवर येतो आणि पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो. गाडी मागून धडधडत उड्या मारते, शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) झटके बसतात. २ इंचांपर्यंत हे सोसतं, ३ च्या पुढे नाही.

ब्लॉक भरीव हवा, त्याच्या भोकात सेंटर बोल्टचं (सगळे पाटे एकत्र बांधणारा बोल्ट) डोकं नेमकं बसलं पाहिजे. चौकोनी पाइप वेल्ड करून केलेले ब्लॉक आणि एकावर एक रचलेले दोन ब्लॉक यांना हातही लावू नका. पुढच्या एक्सलला तर ब्लॉक कधीच नको, तिथं ब्रेकचा जोर जास्त असतो.

लांब शॅकल

शॅकल, म्हणजे पाट्याचं मागचं टोक चेसिसला टांगणारी पट्ट्यांची जोडी, २ इंच लांब केला तर गाडी १ इंचच वर येते, कारण पाट्याचं एकच टोक खाली सरकतं आणि एक्सल मधे असतो. त्यातच मागचं टोक खाली गेल्यानं एक्सल थोडा फिरतो आणि पिनियनचं नाक वर होतं. गिअरबॉक्सकडच्या आणि एक्सलकडच्या जोडाचे कोन मग जुळत नाहीत आणि ७०-८० च्या वेगाला खालून घरघर सुरू होते. पुणे रोडला लागलात की ती लगेच कळते, शेतात कळत नाही. लांब शॅकल आडवाही डुलतो, दोन पट्ट्यांना जोडणारी आडवी पट्टी नसेल तर फार. आमच्या मते अर्ध्या इंचाची कसर भरून काढायला शॅकल ठीक, उचलीचं मुख्य साधन म्हणून नको.

जादा पाटा

सोलापुरात सगळ्यात जास्त होणारं काम हेच, आणि सगळ्यात जास्त बिघडणारंही हेच. याचं कारण जाडीत आहे.

पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो. समजा तुमच्या थप्पीत ६ मिमीचे ५ पाटे आहेत. तेवढ्याच जाडीचा, लांबीला थप्पीतल्या इतर पाट्यांशी मिळताजुळता आणखी एक घातला तर ताठपणा साधारण २० टक्क्यांनी वाढतो. पण कारागिरानं जवळ पडलेला ८ मिमीचा तुकडा घातला तर? ८ चा घन ५१२, ६ चा २१६. म्हणजे तो एकटा पाटा जुन्या २.३७ पाट्यांएवढा. ताठपणा जवळजवळ ४७ टक्क्यांनी वाढला. गाडी रिकामी असताना मागे लाकडी फळीवर बसल्यासारखं वाटतं, आणि खडबडीत उतारावर मागचं चाक जमिनीला चिकटून राहण्याऐवजी उडतं. चाक उडालं की पकड गेली. ज्या कामासाठी खर्च केला तेच बिघडलं.

सांगोल्याहून डाळिंबाचे क्रेट भरून रोज बाजारात जाणारी बोलेरो असेल, तर मात्र जादा पाटा हाच खरा उपाय. २० किलोचे २० क्रेट म्हणजे ४०० किलो. तिथं उंचीपेक्षा ताकद हवी. पाटा लांब घ्या, मेन पाट्याच्या लांबीच्या निदान दोन तृतीयांश. आखूड पाट्याचं टोक जिथं संपतं तिथं वरच्या पाट्यावर सगळा ताण गोळा होतो आणि तो तिथंच मोडतो.

भंगारातल्या ट्रकच्या पाट्याचा तुकडा गॅसनं कापून घालण्याची पद्धत आहे. गॅसच्या आचेनं कडेचं पोलाद बदलतं, बारीक चीर तिथूनच सुरू होते. शिवाय रुंदी जुळत नाही आणि क्लिपा नीट बसत नाहीत. तुमच्या पाट्याची रुंदी व्हर्नियरनं मोजा आणि त्याच मापाचा, कठीण करून आणलेला नवा पाटा घ्या.

जुन्याच पाट्यांना कमान देणं

पाटे सोडून हातोड्यानं किंवा प्रेसवर पुन्हा वाकवायचे. खर्च किरकोळ, गाडी दुपारी परत मिळते. थंड पाटा वाकवून दिलेली कमान काही महिन्यांत ओझ्याखाली पुन्हा बसते. लाल तापवून वाकवला आणि तसाच हवेत ठेवला तर आणखी वाईट: पोलादाचा कठीणपणाच गेला. तापवलेला पाटा तेलात विझवून पुन्हा ठरावीक उष्णतेला उतरवावा लागतो. ज्याच्याकडे ती भट्टी आहे, त्याच्याकडेच हे काम द्या. हा पर्याय जुनी उंची परत आणायला, गाडी विकण्याआधी किंवा नवा सेट येईपर्यंत.

उचलीसाठीच केलेला नवा सेट

कमान जास्त, पण ताठपणा तुमच्या ओझ्याला जुळवलेला. एआरबीच्या ओल्ड मॅन इमूसारख्या ब्रँडमधे एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या ओझ्याचे सेट मिळतात, आणि चूक नेमकी इथं होते: "मजबूत" म्हणून माणूस जड ओझ्याचा सेट घेतो आणि गाडी वर्षभर रिकामी फिरवतो. आधी टेपनं मोजलेले दोन आकडे (ओझ्यासह आणि ओझं उतरवून) इथं उपयोगी पडतात. मागे कायम काय आहे तेवढंच धरा: ट्रॉलीचा हुक, लोखंडी बंपर, जादा चाक, टपाखालचा टूलबॉक्स. महिन्यातून एकदा येणारं ओझं धरू नका.

पॅराबोलिक पाटे याच गटात येतात. पाटे कमी, मधे जाड आणि टोकांकडे निमुळते, एकमेकांना फक्त मधे आणि टोकांना टेकलेले. घर्षण कमी, चाक खड्ड्यात सहज उतरतं. आपल्या काळ्या मातीत एकच कटकट: दोन पाट्यांमधल्या फटीत चिखल भरतो आणि उन्हात वाळून विटेसारखा होतो. रानातून आल्यावर त्याच दिवशी प्रेशरनं धुवा.

रिकामी गाडी, पावसाळ्यात रान आणि बाकी वेळ हायवे, असा वापर असेल तर पैसे साठवून हाच सेट घ्यावा.

पाटा एक्सलच्या वर नेणं

जिप्सीवाल्यांचं आवडतं काम. एक्सलच्या नळीची आणि थप्पीची जाडी मिळून पाच इंचांच्या आसपास उचल मिळते. पाट्याच्या नव्या बैठका वेल्ड करणं, पिनियनचा कोन, शाफ्टची लांबी, स्टिअरिंगचा रॉड, सगळंच बदलतं. रोज कामावर न्यायच्या गाडीला हे करू नये.

काहीही निवडा, यातून सुटका नाही

पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच. एकदा ताणलेले आटे दुसऱ्यांदा धरत नाहीत. ब्लॉक २ इंचाचा तर यू-बोल्टही जुन्यापेक्षा तेवढाच जास्त लांब. जुने काढण्यासाठी आदल्या रात्री गंजतेल मारून ठेवा, नाही निघाले तर ग्राइंडरनं कापा. सेंटर बोल्ट काढण्याआधी थप्पीला दोन्ही बाजूंनी सी-क्लॅम्प लावा, नाहीतर पाटे उसळून हात चिरतो. पुष्कळ गाड्यांत सेंटर बोल्ट नेमका मध्यावर नसतो, म्हणून प्रत्येक पाट्याच्या पुढच्या टोकावर खडूनं खूण करून मगच सोडा.

पाट्याच्या टोकांतल्या रबरी बुशचे नट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा. जॅकवर लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

चाक पूर्ण खाली लोंबकळू द्या आणि बघा: शॉकअप आधी ताणून संपतोय का, ब्रेकची नळी ताणली जातेय का, हँडब्रेकची केबल ओढतेय का. नळी ताणली तर ती आधी बदला, मग बाकी. मागच्या एक्सलला दांडीनं जोडलेला एलएसपीव्ही वाल्व (ओझ्यानुसार मागच्या ब्रेकचं प्रेशर ठरवणारा) असेल तर उचलीनंतर तो गाडी रिकामी समजतो आणि मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी करतो. त्याचा ब्रॅकेट तेवढाच खाली घ्यावा लागतो. हे काम विसरलं तर ओझ्यात गाडी थांबत नाही, आणि दोष मात्र ब्रेकच्या लायनरला लागतो.

नुसतं मागून उचललं तर गाडी नाकावर पडते, कास्टर (पुढची चाकं ज्या आसावर वळतात त्याचा मागचा झुकाव) कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे) असलेल्या जुन्या थारमधे ते जुळवून थोडी कसर भरते.

कागदाचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीच्या दाखल्यातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. एमएच-१३ ची पाटी असो की आणखी कुठली, काम करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

पाटा मोडलाच तर कुठं मोडला ते बघा. सेंटर बोल्टच्या भोकापाशी मोडला असेल तर यू-बोल्ट ढिले होते. यू-बोल्ट आणि टोक यांच्या मधे मोडला असेल तर ओझं जास्त किंवा आखूड पाट्याचा ताण. मेन पाटा बुशच्या गोलापाशी गेला असेल तर बुश किंवा शॅकल जाम झालाय. नवा पाटा घालण्याआधी ते कारण काढा.

यू-बोल्ट १०० किलोमीटरनंतर, मग ५०० नंतर, मॅन्युअलमधल्या टॉर्कला पुन्हा आवळा. त्याच वेळी पाट्याच्या पुढच्या पिनेपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. ५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर एका बाजूला सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात बसलेलं नसावं. अशी गाडी रस्त्यावर तिरकी चालते. त्या बाजूचे यू-बोल्ट सोडून एक्सल सरळ करा आणि नव्या यू-बोल्टांनी पुन्हा बसवा.