जुनी डिझेल डिझायर: इंजिन टिकतं, तपासायचा तो आधीचा वापर

जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, कुठेही जुन्या गाड्यांच्या लायनीत गेलं की डिझेल डिझायर उभी दिसतेच. 2012 मध्ये आलेली दुसरी आवृत्ती आणि 2017 ची तिसरी, दोन्हींत तेच 1248 सीसीचं, 75 पीएसचं इंजिन. बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर 2020 मध्ये डिझेल बंद झाली, म्हणजे आता जी मिळेल ती जुनीच. एजंट सांगतो, ‘सिंगल ओनर, नॉन-अ‍ॅक्सिडेंट, गाडी एक नंबर शे भो.’ पहिल्या दोन गोष्टी आरसी आणि पत्रा सांगतात, तिसरी सकाळच्या पहिल्या स्टार्टला कळते.

हे इंजिन चांगलं आहे. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. बीएस-4 असल्यामुळे डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, कटकट नाही. कंपनीचा आकडा 2017 च्या गाडीला 28.40 किमी प्रतिलिटर. एसी लावून रस्त्यावर तेवढं मिळत नाही, तरी खिशाला परवडतं. खोट एकच: सुमारे 2000 आरपीएमच्या खाली पिकअप मरतं, वर टर्बो एकदम ओढतो. गावात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सारखं क्लचवर खेळावं लागतं, म्हणून गावात फिरलेल्या गाडीची क्लच प्लेट लवकर जाते.

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर सायलेन्सरला हात लावा. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होताना चेनची सेकंदभर खडखड चालते. ऑइलचं प्रेशर आल्यावरही ती थांबत नसेल तर चेन सैल आहे किंवा ती ताणून धरणारा टेन्शनर गेलाय. ऑइल वेळेवर न बदलल्याचा हा परिणाम, आणि चेनचं काम स्वस्त नसतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ॲक्सिलरेटर दाबल्यावर काळ्या धुराचा लोट आला तर एअर फिल्टर, ईजीआर (धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) किंवा इंजेक्टर बघायला लागतील.

मग इंजिनावरचं प्लॅस्टिक कव्हर वर ओढून काढा. बहुतेक जण हे करतच नाहीत. चारही इंजेक्टरच्या बुडाशी टॉर्च मारा. एखाद्याभोवती डांबरासारखा काळा, घट्ट थर साचला असेल तर खालचा वॉशर गळतोय. थर वाळून इंजेक्टर असा अडकतो की काढताना मेकॅनिकचा दिवस जातो. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. थोडी वाफ असतेच, पण फसफस करत धूर बाहेर पडला तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. डिपस्टिकवर ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलचं ऑइल काळंच होतं. दुधाळ दिसलं तर मात्र सौदा तिथेच सोडा.

आपल्याकडची खरी परीक्षा उन्हाची. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा अर्धवट चोंदलेला रेडिएटर आणि दमलेला एसी लगेच उघडे पडतात. दुपारी दोनला गाडी उन्हात उभी करून एसी फुल, पंधरा मिनिटं. रेडिएटर फॅन लागतो का, तापमानाचा काटा किंवा दिवा काय सांगतो, ते बघत बसा. एसीच्या मधल्या जाळीत साधा डिजिटल थर्मामीटर खोचा: धावत्या गाडीत 8 ते 12 अंश यायला हवेत, उभ्या गाडीत थोडे जास्त चालतील. उभी असताना गरम हवा आणि पळताना गार, असं असेल तर कंडेन्सर किंवा फॅन बघा. ‘फक्त गॅस भरायचाय’ यावर विश्वास ठेवू नका. गॅस आपोआप संपत नाही, कुठेतरी गळतो.

पत्र्यासाठी मायक्रॉन मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन भरतो. 300 च्या वर गेलं की खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मीटर नसेल तर कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा, लांबीवर ते धरत नाही. बोनेट आणि फेंडरच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे असतील तर तो भाग एकदा तरी निघालाय. नुसता बंपर रंगवलेला असेल तर सोडून द्या, आपल्याकडे कोणाचा बंपर कोरा असतो?

सुरत पासिंगची गाडी स्वस्त दिसते, तिथे जरा थांबा. सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढा. सीट धुता येतात, कार्पेट बदलता येतं, पण गुंडाळीच्या आतला पट्टा धुवायचं कोणाला सुचत नाही. पुरात बुडालेल्या गाडीत तिथे मातीची करडी रेघ सापडते. स्टेपनीखालचा खळगाही बघा. शिवाय नवापूरचं स्टेशन निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातमध्ये असलं तरी आरटीओचं तसं नाही: फॉर्म 28 ची एनओसी, म्हणजे तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र, आणावी लागते आणि इकडचा कर गाडीच्या वयानुसार पुन्हा भरावा लागतो. तो धरून किंमत काढा.

मीटर मागे केलंय का, हे आकड्यापेक्षा क्लच पेडलचं रबर सांगतं. 60,000 किमी दाखवणाऱ्या गाडीचं रबर गुळगुळीत नसतं. टायरवरचे शेवटचे चार अंक वाचा, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. टॅक्सी म्हणून चाललेल्या डिझायर पुष्कळ आहेत. आरसीवर आधी मोटार कॅब होती का, छतावर कॅरिअरची भोकं आणि डॅशबोर्डखाली स्पीड गव्हर्नरची कापलेली वायर आहे का, हे शोधा.

धुळ्याजवळ असाल तर लळिंग घाट चढून या. चौथ्या गिअरला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर आरपीएम वाढतोय पण वेग नाही, तर क्लच प्लेट गेली. खडबडीत रस्त्यावर पुढून खटखट आली तर सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश. ते किरकोळ काम, भाव पाडायला उपयोगी. परत आल्यावर खाली वाकून इंजिनखालचं ऑइलचं चेंबर बघा. 2017 च्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स 163 मिमीच आहे, शेतरस्त्यावर चेंबर घासलेलं असतं. ओरखडे चालतात, वेल्डिंग नाही.

महिन्याला हजार किमीही चालणार नसेल तर ही गाडी घेऊ नका, पेट्रोल बघा. रोज पारोळा-जळगाव करणाऱ्यासाठी 2017 नंतरची, खाजगी वापरातली डिझायर उत्तम. डिकीही 378 लिटरची. 2012-13 ची घेत असाल तर पंधरा वर्षांच्या पुनर्नोंदणीचा खर्च भावातून वजा करा. बयाणा देण्याआधी ई-चलान तपासा, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा काढायचा फॉर्म 35 हातात घ्या आणि मालकी बदलाच्या फॉर्म 29, 30 वर सह्या समोर करून घ्या. ‘सह्या नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच पाठवा.