टाकीतला खोटा एको: मॅपिंग करायचं, ८० गिगाहर्ट्झ घ्यायचा, पाईप टाकायचा की रॉडवाला रडार?

रडार लेव्हल (टाकीच्या वरून लहरी खाली सोडून, परत आलेल्या एकोवरून म्हणजे प्रतिध्वनीवरून मालाची उंची सांगणारं यंत्र) एकाच आकड्यावर अडकली, डिप मारली म्हणजे टेप सोडून हाताने मोजलं तर माल वेगळाच, की पहिला सल्ला ठरलेला असतो, मॅपिंग करून टाक, म्हणजे खोटे एको रडारच्या नकाशात नोंदवून त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला लाव. मला हा सल्ला पटत नाही, म्हणजे मॅपिंग वाईट आहे असं नाही, पण आधी एको कर्व्ह (कुठल्या अंतरावरून किती मोठा एको आला त्याचा आलेख) उघडून दोन गोष्टी बघा: खोटा एको, म्हणजे मालाऐवजी शिडी-वेल्डसारख्या वस्तूवरून आलेला, एकाच जागी उभा आहे की हलतोय, आणि खरा एको त्याच्या शेजारी किती मोठा आहे. पर्याय निवडायचा तो या दोन उत्तरांवरून.

खऱ्या एकोची ताकद मालावर ठरते. पाण्याचा डायइलेक्ट्रिक (हा आकडा जितका मोठा तितक्या लहरी जास्त परत फिरतात) ८० च्या आसपास, त्यामुळे पृष्ठभागावर पडलेल्या पॉवरपैकी साठ टक्क्यांच्या वर परत फिरते, डिझेलचा जेमतेम २, तिथून ३ टक्केच परत येते आणि बाकीची खाली निघून जाते. आणि शिडीचा ब्रॅकेट लोखंडाचा, तो जवळपास सगळंच परत पाठवतो. म्हणून पाण्याच्या टाकीत जो ब्रॅकेट कुणाला दिसतही नाही तोच डिझेलच्या टाकीत लेव्हल बनून बसतो.

मॅपिंग फुकटात होतं आणि टाकी उघडावी लागत नाही, त्यामुळे वेल्ड, शिडी, हीटिंग कॉइल असे न हलणारे एको आणि पाण्यासारखा माल असेल तर तेच करा, दुसरं काही विकत घेऊ नका. पण टाकी रिकामी किंवा जवळपास रिकामी असताना, आणि ॲजिटेटर (माल ढवळणारा पंखा) असेल तर तो चालू ठेवून. यात मॅपिंग खोटा एको काढत नाही, त्या उंचीवर रडारला कमी ऐकायला लावतं, म्हणजे तिथला खरा एको कमजोर असेल तर तोही गेला. आमच्याकडे एकदा अर्ध्या भरलेल्या टाकीवर तळापर्यंतचं मॅपिंग झालं, पृष्ठभागाचा एकोच नकाशात गेला, नंतर माल त्या उंचीला आला की रडार त्याला सोडून दुपटीच्या अंतरावरचा मल्टिपल एको (पृष्ठभाग आणि छत यांच्यात दोनदा फिरून आलेला) धरायचा आणि डीसीएसवर, म्हणजे कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर, टाकी आहे त्यापेक्षा रिकामी दिसायची. भरताना हे किती धोक्याचं आहे ते वेगळं सांगायला नको. भरलेल्या टाकीवर करायचंच असेल तर डिप मारून पृष्ठभागाच्या अर्धा मीटर वरपर्यंतच करा, आणि टाकी खाली झाली की परत पूर्ण करा.

८० गिगाहर्ट्झच्या रडारचा मुद्दा बीमचा, म्हणजे झोत किती पसरतो त्याचा. ८० मिमी अँटेनाला २६ गिगाहर्ट्झवर साधारण १० अंशांचा बीम मिळतो, ८० वर ३ अंशांचा. ४ मीटर खाली पहिल्याचा झोत ७० सेंमी रुंद, दुसऱ्याचा २१, म्हणजे ब्रॅकेट नोझलच्या (रडार बसवायच्या टाकीवरच्या तोंडाच्या) मध्यापासून ३० सेंमीवर असेल तर पहिला त्याला धडकतो आणि दुसरा शेजारून निघून जातो (कडेला बीम एकदम संपत नाही, थोडी पॉवर बाहेरही जाते, पण ती बरीच कमी). डिझेल, सॉल्व्हंट, ॲजिटेटरची टाकी, जुनं नोझल भिंतीला चिकटून, अशा ठिकाणी माझं मत सरळ यालाच. फक्त दाट फेस असेल, डिस्टिलरीच्या फर्मेंटरसारखा, तिथे ४ मिमीपेक्षा लहान वेव्हलेंग्थ फेसातच अडकते, २६ ची ११ मिमीच्या वरची त्यापेक्षा बरी जाते, तिथे ८० घाईने घेऊ नका.

स्टिलिंग पाईप, म्हणजे रडारखाली टाकीत उभा सोडलेला पाईप, जुना पण भरवशाचा, एको पाईपच्या आतच राहतो, फेस आणि लाटाही बऱ्याच बाहेर राहतात. स्वच्छ डिझेलला उत्तम, मळीला अजिबात नको, आत थर बसतो आणि तो थरच खोटा एको देतो. पाईपात लहरींचा वेग बदलतो म्हणून आतला व्यास ट्रान्समीटरमध्ये नीट भरा, आणि जोडाच्या वेल्डला आतून धार राहू देऊ नका. टाकीत नवीन पाईप म्हणजे शटडाउन, गॅस फ्री (टाकीतला गॅस काढणं), हॉट वर्क (वेल्डिंगसारखं आगीचं काम), हा खर्च कोटेशनमध्ये दिसत नाही.

गाईडेड वेव्हमध्ये, म्हणजे रॉडवाल्या रडारमध्ये, पल्स रॉडवरून किंवा दोरावरून खाली जातो, बीम पसरतच नाही, त्यामुळे लहान गर्दीच्या टाकीला आणि डिझेलखाली साठलेल्या पाण्याचा इंटरफेस (दोन थर मिळतात ती रेघ) मोजायला हाच घ्या. ॲजिटेटर असेल तर विषय संपला. चिकट मालातही नको. लांब अरुंद नोझल किंवा भिंतीला टेकलेला दोर पुन्हा खोटा एको देतो, हे लक्षात ठेवा.

आणि नवी टाकी बनतच असेल तर फॅब्रिकेटरला आजच फोन करा: नोझल घुमटाच्या मधोमध नको, तिथे एको गोळा होऊन मल्टिपल वाढतात, भिंतीपासून व्यासाच्या साधारण सहाव्या भागावर घ्या, इनलेटच्या धारेपासून लांब. ड्रॉइंगवर नोझल सरकवायला काही लागत नाही.