बॉर्टसचं घर की डोनाचं? आधी काय पाहावं

घरात वयात आलेलं मूल आहे, सायन्स फिक्शनची गोडी दोघांनाही आहे, आणि लिंगओळखीचा विषय एकदा तरी सोबत बसून पाहावा असं वाटतंय, अशा पालकांसाठी हे लिहितोय. माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. हाताशी एकच संध्याकाळ असेल तर 'डॉक्टर हू'चा 'द स्टार बीस्ट' लावा. काही आठवडे काढता येत असतील तर 'द ऑरव्हिल'. पुढे कथानक फुटणार आहे, त्याला इलाज नाही.

सेथ मॅकफार्लेनची 'द ऑरव्हिल' 2017 साली फॉक्सवर आली तेव्हा ही 'स्टार ट्रेक'ची टिंगल असणार, असंच सगळे धरून चालले होते. तिसऱ्याच भागात तिने चकवलं. मोक्लन ही जमात स्वतःला निव्वळ पुरुषांची म्हणवते. 'ऑरव्हिल' या अंतराळजहाजावरच्या बॉर्टस आणि क्लायडन या मोक्लन जोडप्याच्या अंड्यातून मुलगी निघते, तिचं नाव टोपा. रीत अशी की लगेच शस्त्रक्रिया करून तिचा मुलगा करून टाकायचा. बॉर्टसला सुरुवातीला त्यात काही वावगं वाटत नाही. मग सहकाऱ्यांसोबत लाल नाकाच्या रेनडिअरची नाताळातली जुनी फिल्म पाहतो आणि त्याचं मन फिरतं. (हो, रेनडिअर. या मालिकेत असं चालतं.) प्रकरण न्यायाधिकरणापुढे जातं, बॉर्टस हरतो, शस्त्रक्रिया होते. अवघ्या तिसऱ्या भागात इतका कडू शेवट करायला धाडस लागतं.

खरी मेख त्याच भागात पुरलेली आहे. क्लायडन स्वतः मुलगी म्हणून जन्मला होता आणि हे त्याने नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं. म्हणजे लपवाछपवी दोन पिढ्यांची. पालकांनी आपलं भलंच केलं, हे क्लायडनला मानणं भाग आहे. ते नाकारलं तर स्वतःचं अख्खं आयुष्य उसवायला लागेल. चॅड कोलमनने हे इतकं नेमकं पकडलंय की त्याचा राग येतो, पण त्याला खलनायक म्हणवत नाही.

2022च्या तिसऱ्या सीझनमधला पाचवा भाग, 'अ टेल ऑफ टू टोपाज', हा या सगळ्याचा गाभा. टोपा आता किशोरवयात आहे, अधिकारी व्हायचंय, जहाजाची उपकप्तान केली हिच्या हाताखाली धडे चाललेत. आपल्यात काहीतरी बिनसलंय एवढं कळतं, काय ते कळत नाही. आणि आजूबाजूच्या प्रत्येक मोठ्या माणसाला ते ठाऊक आहे! कॅप्टनला माहीत, डॉक्टरला माहीत. खुद्द केलीनेच तेव्हा न्यायाधिकरणापुढे बाजू मांडली होती. दत्तक घेतल्याचं सगळ्या वाड्याला माहीत आणि फक्त पोराला नाही, तशातली गत. सत्य कळल्यावर टोपाला मूळचं शरीर परत हवं असतं. पण युनियनला, म्हणजे हे जहाज ज्या ग्रहसंघाचं आहे त्याला, शस्त्रं मोक्लनांकडून मिळतात, त्यामुळे त्यांना दुखवायला कोणी तयार नाही आणि डॉक्टरचे हात बांधले जातात. शेवटी आयझॅक हा यंत्रमानव शस्त्रक्रिया करतो. तू जन्मलीच नसतीस तर बरं झालं असतं, असं क्लायडन तिला तोंडावर सांगून घर सोडतो. आठव्या भागात तो परत येऊन माफी मागतो; पण इमानी पुलमची टोपा ते आधीचं वाक्य ऐकते तेव्हाचा तिचा चेहरा बघा.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. काटेकोर बोलायचं तर ही ट्रान्स मुलीची, म्हणजे जन्मतः मुलगा ठरवलेल्या पण मुलगी असलेल्या मुलीची, गोष्ट नाही. जन्मतः, न विचारता जे केलं गेलं ते ती उलटवते आहे. इंटरसेक्स, म्हणजे शरीर जन्मतः निव्वळ मुलाचं वा मुलीचं नसलेल्या, बाळांवर होणाऱ्या शस्त्रक्रियांच्या ती जास्त जवळ जाते. मुलाशी ट्रान्स असण्याबद्दलच बोलायचं असेल तर दुसरी निवड बरी.

ती म्हणजे 'द स्टार बीस्ट', नोव्हेंबर 2023चा तासाभराचा खास भाग. रोझ नोबल ही पंधरा वर्षांची ट्रान्स मुलगी, यास्मिन फिनीने केलेली, आणि ती स्वतःही ट्रान्स आहे. रस्त्यावरची पोरं जुन्या नावाने चिडवतात, घरात मात्र तिची बाजू पक्की. मला सगळ्यात खरं वाटलं ते स्वयंपाकघरातलं बोलणं. आजी सिल्व्हिया नातीचं कौतुक करायला जाते आणि मध्येच अडखळते, आपण म्हणालो ते बरोबर ना, म्हणून. रोझची आई डोना तिला सांभाळून घेते. प्रेम आहे, शब्द सापडत नाहीत, चुकायची धास्ती आहे. आपल्याकडच्या कितीतरी आज्या इथे स्वतःला ओळखतील.

गंमत म्हणजे या घरातही एक मोठं गुपित आहे, पण ते रोझबद्दल नाही. डोनाची डॉक्टर या कालप्रवासी नायकासोबतच्या प्रवासाची आठवण 2008च्या भागात पुसली गेली होती, आणि ती परत आली तर डोना मरेल म्हणून सिल्व्हिया पंधरा वर्षं लेकीपासून ती लपवतेय. जीव वाचवणारं खोटं! 'ऑरव्हिल'च्या शेजारी ठेवून पाहिलं की वाद घालायला भरपूर दारूगोळा मिळतो. शेवट मात्र घाईचा आहे. पेच सुटतो तो एका टोमणेवजा संवादावर, आणि तिथे लेखकाने सोपी वाट धरली असं माझं मत. जुनी डोना माहीत नसेल तर पाच मिनिटं आधी समजावून सांगा.

'स्टार ट्रेक: डिस्कव्हरी' तिसऱ्या नंबरवर. 2020च्या तिसऱ्या सीझनमधली अडिरा ही व्यक्तिरेखा नॉन-बायनरी आहे, म्हणजे स्वतःला निव्वळ स्त्री वा पुरुष न मानणारी. आपल्याला कसं संबोधावं हे अडिरा जहाजावरच्या सहकारी स्टामेट्सला सांगते, तो मान डोलावतो, काम पुढे चालू. सुंदर आहे, पण संघर्षच नाही, त्यामुळे चर्चेला विषय कमी. पडद्यामागची गोष्ट अधिक बोलकी आहे: भूमिका मिळाली तेव्हा कलाकार ब्लू देल बारिओ यांनी स्वतःच्या घरी अजून सांगितलेलं नव्हतं.

1992चा 'द आउटकास्ट' ('स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन', पाचवा सीझन) इतिहास म्हणून पाहा. लिंगभेद नसलेल्या जमातीतल्या सोरेनला आपण स्त्री आहोत असं वाटतं, म्हणून तिच्यावर 'उपचार' होतात. सोरेन पुरुष नटाने करायला हवी होती, असं रायकर साकारणारे जोनाथन फ्रेक्स नंतर म्हणाले. पुढे 'ऑरव्हिल'चा 'सँक्च्युअरी' हा मोक्लन स्त्रियांवरचा भाग त्यांनीच दिग्दर्शित केला.

नेटफ्लिक्सची 'सेन्स8' (2015 ते 2018) मुलांसोबत नको. शरीरसंबंध आणि हिंसा दोन्ही मोकळेपणी आहेत. एकट्याने मात्र जरूर बघा. दवाखान्यात पडलेल्या नोमी या ट्रान्स तरुणीला तिची आई जुन्याच नावाने हाक मारत राहते, आणि तिकडे मुंबईत काला दांडेकर आपला होणारा नवरा आवडत नाही हे लाडक्या बाबांना, म्हणजे अनुपम खेरना, सांगू शकत नाही. आडनाव दांडेकर असलं तरी ते घर मला दादरपेक्षा हिंदी सिनेमातलंच वाटलं.

'ऑरव्हिल' सगळी पाहायची गरज नाही. पहिल्या सीझनचा तिसरा भाग, दुसऱ्याचा बारावा, तिसऱ्याचा पाचवा आणि आठवा, एवढं पुरे. आठव्यात टोपाचा छळ दाखवलाय, तो आधी स्वतः पाहून घ्या. तिसऱ्या सीझनचा पहिला भाग आत्महत्येवर आहे, आणि दुसऱ्या सीझनच्या दुसऱ्या भागात बॉर्टसला अश्लील चित्रफितींचं व्यसन लागलेलं असतं. हे दोन्ही मूल लहान असेल तर सरळ गाळा.