एकाच लडीची लेस-काठाची शाल: आठ महिने वापरल्यावर

शाल सुयांवरून उतरली त्याच दिवशी लिहायला बसले होते, पण आवरलं. ताजं विणलेलं सगळंच देखणं दिसतं, विणणारीला तर जरा जास्तच. आता आठ महिने वापरून, चारदा धुऊन आणि एकदा दुरुस्त करून लिहितेय.

लोकर एकपदरी मेरिनो, १०० ग्रॅमची लडी, साधारण ४०० मीटर. सुया ४ मिमीच्या. मानेपासून सुरू होऊन दर दुसऱ्या ओळीला ४ टाके वाढत जाणारा त्रिकोण, अंग दोन्ही बाजूंनी सुलट, म्हणजे कडा वळायची भानगड नाही. काठ आडवा विणायचा: लेसची अरुंद पट्टी करत जायची आणि दर दुसऱ्या ओळीच्या शेवटी तिचा एक टाका शालीच्या एका टाक्यासोबत एकत्र विणायचा. टाके वेगळे बंद करावे लागत नाहीत, आणि एरवी बंद करताना हात घट्ट पडून कड आखडते, तेही टळतं.

मी गंडले ते हिशेबात. अशा त्रिकोणात निम्म्या ओळी झाल्या तरी लोकर जेमतेम पाव संपलेली असते, त्यामुळे आपण निवांत. पुढे एकेक ओळ एकेक ग्रॅम खायला लागते. १५ ग्रॅम उरल्यावर मी काठ धरला. सुईवर २६४ टाके. काठाचा एक कंगोरा (कडेला दातासारखं निघणारं टोक) ८ ओळींचा, तो शालीचे ४ टाके खातो. म्हणजे कंगोरे ६६. दहा झाल्यावर गोळा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर १२ ग्रॅम. दहाला ३, तर सगळ्यांना २०. हातात १५ होते! हे गणित आधी नमुन्याच्या चार कंगोऱ्यांवर करता आलं असतं. काठ उसवला, अंगाच्या ६ ओळी उसवल्या. एकपदरी लोकर स्वतःलाच चिकटते, त्यात उसवताना टाके सुटू नयेत म्हणून ओळीतून आडवा दोरा ओवतात, तोही मी ओवून ठेवला नव्हता, तेव्हा एक पूर्ण संध्याकाळ सुटलेले टाके गोळा करण्यात गेली. शेवटी २५२ टाके, ६३ कंगोरे आणि शिल्लक २ ग्रॅम.

विणून झाल्यावर ती चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते, घाबरू नका. वीस मिनिटं पाण्यात, टॉवेलात गुंडाळून दाबायची (पिळायची नाही), मग प्रत्येक कंगोऱ्याला टाचणी. वाळली की जाळी उघडते. पण हे दर धुण्याला करावं लागतं. तिसऱ्यांदा मी कंटाळून एकाआड एक टाचण्या लावल्या, तर मधले कंगोरे बोथट झाले.

माप टोकापासून टोकापर्यंत ११० सेंटिमीटर, मध्ये ५५. म्हणजे शाल म्हणायची, पण आहे गळ्यापुरती. पाठ झाकायची असेल तर एका लडीच्या नादी लागू नका. गळ्याभोवती मात्र त्रिकोण पुढे घेऊन गुंडाळली की कोटाच्या आत छान बसते, आणि टोचत नाही म्हणजे अजिबात नाही.

तक्रार लोकरीबद्दल. दुसऱ्याच महिन्यात पिशवीचा पट्टा घासतो तिथे गोळे आले. पीळ सैल, पदर एकच, मग तंतू बाहेर येणारच. पुन्हा केली तर तीनपदरी, घट्ट पिळाची घेईन. मऊपणा थोडा गेला तरी चालेल.

पाचव्या महिन्यात काठ जॅकेटच्या चेनमध्ये अडकला. बोटभर लांब फास बाहेर आला आणि शेजारचे पाच-सहा टाके आवळले गेले. नशीब, धागा तुटला नाही; बारीक क्रोशाच्या सुईने फास एकेका टाक्यात परत वाटत गेले. एका कंगोऱ्याचं टोक मात्र झिजून विरलं होतं. तिथे त्या उरलेल्या २ ग्रॅममधला हातभर धागा लागला. रंग जुळला, फक्त नव्या धाग्याला अजून गोळे नाहीत, तेवढ्यावरून जागा ओळखू येते.