पीएस की थर्मल? लहान प्रेसवाल्याच्या नजरेतून

वर्तमानपत्रवाल्यांचं गणित वेगळं, ते इथे सोडून देऊ. लग्नपत्रिका, बिलबुकं, अधूनमधून एखादा दिवाळी अंक अशी कामं करणाऱ्यासमोर ऑफसेट छपाईसाठी खरी निवड दोनच प्लेटांची (ज्यावर मजकूर उतरवून छापतात त्या पत्र्यांची) असते: पॉझिटिव्हवरून, म्हणजे मजकुराच्या पारदर्शक फिल्मवरून, काढायची पीएस (प्री-सेन्सिटाइज्ड, उजेडाला प्रतिसाद देणारा थर आधीच दिलेली), नाहीतर फाइलवरून थेट निघणारी थर्मल सीटीपी (कॉम्प्युटर-टू-प्लेट).

पीएस वाईट आहे असं मी म्हणणार नाही. प्लेट स्वस्त पडते, प्लेटवर पॉझिटिव्ह दाबून उजेड देणारी जुनी फ्रेमही चालते आणि पॉझिटिव्ह जपून ठेवली असेल तर तेच बिलबुक पुन्हा आल्यावर नुसती प्लेट काढायची. टिकाऊपणाचा तर प्रश्नच नाही. आपली कामं तिचा दम बघण्याआधीच संपतात.

मला वैताग आणला तो धुळीने. पीएसवर उजेड पडतो तिथला थर डेव्हलपरमध्ये (प्लेट धुण्याच्या रसायनात) धुऊन जातो, उजेड अडतो तिथला राहतो. म्हणजे पॉझिटिव्हवर किंवा फ्रेमच्या काचेवर बसलेला कणही अक्षराच्याच मानाने छापला जातो. इंग्रजी मजकुरात तो नुसता डाग. देवनागरीत तोच शिरोरेघेच्या वर पडला की अनुस्वार! 'कदम परिवार'चा 'कंदम परिवार' झालेला कुठल्या वधूपित्याला खपेल? शिवाय पॉझिटिव्हच्या तुकड्यांच्या कडा आणि चिकटपट्टीच्या रेघा उमटतात त्या निराळ्याच. वर उजेड पसरवणारी डिफ्यूजन शीट टाकून जादा एक्स्पोजर दिलं तर कडा जातात, पण फोटोतली बारीक टिंबंही त्यांच्यासोबत झिजतात. मग उरतं प्लेटवरचं नको ते पुसणारं करेक्शन पेन. ते रसायन केसभर पसरलं तरी शिरोरेघ खातं, आणि खाल्लेली रेघ परत येत नाही, प्लेट बाद. ऐन लग्नसराईत, उन्हाळ्याचं दार उघडं ठेवून हा उद्योग करून बघा.

थर्मलमध्ये पॉझिटिव्हच नाही. 830 नॅनोमीटरचा लेसर फाइलमधला मजकूर प्लेटवर उतरवतो, त्यामुळे ते भुताटकीचे अनुस्वार बंद. चार रंगांच्या पॉझिटिव्ह हाताने जुळवणंही गेलं. माझ्याकडे तरी रजिस्टर लावताना (रंग एकमेकांवर नेमके बसवताना) वाया जाणारा कागद डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला. त्रास आहेच. एक वेलांटी चुकली तरी नवी प्लेट आणि प्लेटवाल्याकडे नवी फेरी. पीडीएफ पाठवताना फॉन्ट आउटलाइन केले (अक्षरांचे नुसते आकार करून टाकले) नाहीत तर रिपमध्ये (फाइल प्लेटसाठी टिंबांत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) जोडाक्षरं फुटण्याची भीती.

यूव्ही सीटीपी हा मधला मार्ग: पीएसच्याच जातीची प्लेट, पण पॉझिटिव्हशिवाय. जवळ सोय असेल तर जरूर विचारा. पॉलिएस्टरची प्लेट एकरंगी लेटरहेडपुरती; ती ताणली जाते, दुसऱ्या रंगाच्या नादी लागू नये. बिनडेव्हलपरच्या प्लेटांनी रसायन आणि पाणी वाचतं हे खरं, पण त्यांच्यावरची अक्षरं इतकी फिकट की वाचवत नाहीत. ऑफसेटची प्लेट सुलटी असल्यामुळे आमचा मशीनमन ती चढवण्याआधी नावं, तारीख, मुहूर्त वाचून घेतो. ती शेवटची नजर मला सोडवत नाही.

फ्रेम मी अजून विकलेली नाही. जुन्या बिलबुकांच्या पॉझिटिव्ह कपाटात आहेत, त्या संपेपर्यंत राहू दे. पत्रिका मात्र थर्मलवरच. तुमचा प्लेटवाला सकाळी दिलेल्या फाइलची प्लेट दुपारपर्यंत देत असेल तर फार विचार करू नका. त्याच्यासाठी दुसऱ्या गावी जावं लागत असेल, तर पीएस इतक्यात मोडीत काढू नका.