हाफ-फेअर कार्ड: वर्षभर वापरल्यावर

स्वित्झर्लंडचं वार्षिक हाफ-फेअर कार्ड (रेल्वे, बस, बोट आणि बऱ्याच रोपवेचं तिकीट निम्म्यात देणारं) काय असतं ते झ्युरिक-बाझेलच्या मराठी मंडळींना सांगायला नको. प्रौढांना पहिल्या वर्षी 190 फ्रँक, पुढे 170. नूतनीकरण आपोआप होतं, म्हणून देश सोडणार असाल तर आधी ते थांबवा. पूर्ण दराने 380 फ्रँकचा प्रवास झाला की पहिल्या वर्षीचं कार्ड फिटलं. ग्रिंडेलवाल्ड गावाहून युंगफ्राउयोख या डोंगरावरच्या रेल्वे स्थानकाचं जाऊन-येऊन तिकीट उन्हाळ्यात 200 च्या वर, म्हणजे एका फेरीत निम्मे पैसे वसूल. (मोठ्या कुत्र्यालाही निम्मंच तिकीट, आणि त्याला कार्ड लागत नाही!)

माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे: ऐन मोक्याला बंद असलेले गोंडोला. स्कीचा हंगाम संपून ट्रेकिंगचा सुरू होईपर्यंत, आणि पुन्हा नोव्हेंबरात, बरेच रोपवे दोर, पुल्या, ब्रेक तपासायला बंद ठेवतात. शिनिगे प्लाटेची दातेरी रुळांची गाडी आणि ब्रिएन्झची वाफेची गाडी सहसा जूनच्या आसपासच हलते. फुर्का-ग्रिमझेल घाटांतल्या पोस्टाच्या पिवळ्या बसही बर्फ हटायची वाट बघतात. कार्ड बारा महिन्यांचं, डोंगर आठ-नऊ महिन्यांचा.

रेल्वेच्या ॲपमध्ये गावाचं नाव टाकून काहीच कळत नाही, गाडी तर रोज जाते. जायचं स्थानक म्हणून वरचंच टाका, 'ग्रिंडेलवाल्ड' नव्हे, 'फर्स्ट' (गावाच्या वरचं रोपवेचं स्थानक), आणि तारीख स्वतःच्या जाण्याची. शिवाय रोपवेच्या साइटवर बंदच्या तारखा बघा. 'बंद तर बंद, चालत चढू' म्हणाल, तर फर्स्टपर्यंत सुमारे 1,100 मीटर चढ आहे. पायवाटेच्या पाटीवरची वेळ सपाटीला ताशी 4.2 किमी धरून काढलेली असते, त्यात थांबे नाहीत. मेमध्ये 2,000 मीटरच्या वर उत्तरेच्या उतारांना बर्फ असतोच.

एवढं लिहून झाल्यावर मत थोडं बदलतंय, कारण त्याच दिवसांत खालचा देश मोकळा असतो. दक्षिणेकडच्या तिचिनोत वेर्झास्का खोऱ्यातली तेनेरो ते सोनोन्यो वाट, लेमान (जिनिव्हा) तलावाकाठी लावोच्या द्राक्षमळ्यांतली सँ-साफोराँ ते ल्युत्री वाट: रोपवेची गरजच नाही, आणि तलावातल्या बोटींनाही अर्धं तिकीट. लांबच्या दिवसासाठी आधीच सेव्हर डे पास (दिवसभर कितीही प्रवासाचा) घ्या, कार्ड असेल तर 29 फ्रँकपासून मिळतो. पावसाचा अंदाज बघत बसलात तर स्वस्तातले संपतात, आणि आधी घेतलेला पास, पाऊस पडला म्हणून परत होत नाही.

स्कीच्या पासवर कार्ड सहसा चालत नाही. तिथवरच्या गाडीचं तिकीट तेवढं निम्मं.