वीस किलोचा सर्व्हो आणि काळी माती: दिवाळी ते मृग, वापरानंतरचा अनुभव

एक-दशांश प्रमाणाच्या माझ्या फोर व्हील ड्राइव्ह रिमोट कारला दिवाळीनंतर प्लास्टिक गिअरच्या मूळ सर्व्होऐवजी (पुढची चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरऐवजी) धातूच्या गिअरचा, वीस किलो टॉर्कचा डिजिटल सर्व्हो बसवला आणि मृगाचा पाऊस लागेपर्यंत ती पऱ्हाटी उपटलेल्या वावरात व पांदणीवर नियमित चालवली. उन्हाने भेगाळलेल्या काळ्या जमिनीतील टणक ढेकळांत मूळ सर्व्होला चाके वळवताच येत नसत.

नव्या सर्व्होने ही अडचण निम्मीच सोडवली. वीस किलो हा आकडा शाफ्टच्या मध्यापासून एक सेंटीमीटरवरचा असतो, त्यामुळे हॉर्नचे (शाफ्टवर बसणाऱ्या छोट्या दांडीचे) दोन सेंटीमीटरवरचे भोक निवडल्यास जोर निम्मा होतो, आणि व्होल्टेज कमी मिळाल्यास आणखी घटतो. चाक ढेकळात अडकले की असा सर्व्हो दोन अँपियरहून अधिक करंट ओढू शकतो. ईएससीमधील (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या सर्किटमधील) बीईसीला, म्हणजे सर्व्हो व रिसीव्हरला वीज देणाऱ्या भागाला, तेवढा करंट पुरवता आला नाही, तर रिसीव्हरचा (रिमोटचे संकेत घेणाऱ्या भागाचा) व्होल्टेज कोसळून गाडी क्षणभर निपचित पडते आणि दोष मात्र रिमोटच्या रेंजला दिला जातो. यासाठी मी सहा व्होल्ट, पाच अँपियरचा स्वतंत्र यूबीईसी (ईएससीबाहेरचा बीईसी) थेट बॅटरीवरून जोडला आणि दोन पुरवठे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ईएससीकडून रिसीव्हरला जाणारी लाल तार काढून तिचे टोक टेपने झाकले. सोल्डरिंग तालुक्याला कृषिपंपांचे स्टार्टर दुरुस्त करणाऱ्या कारागिराने करून दिले. त्या बारीक तारा पाहून तो आधी मनसोक्त हसला, पण काम पक्के केले.

सर्वांत मोठा फरक बेअरिंगने पडला. बेलक्रँकच्या (सर्व्होची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या फिरत्या भागाच्या) प्लास्टिक बुशांत मातीची धूळ शिरून बुश झिजले होते आणि सर्व्हो जागचा हलत नसतानाही चाके डुलत होती. बुशांच्या जागी रबरी सीलच्या बेअरिंग बसवल्यावर गाडी पांदणीवर सरळ धावू लागली. खिशात मोजकेच पैसे असतील, तर आधी बेअरिंगच घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्व्हो सेव्हर (चाकाला बसलेला धक्का झेलणारा स्प्रिंगचा भाग) काढून थेट ॲल्युमिनियमचा हॉर्न लावण्याचा सल्ला सर्रास मिळतो, परंतु धुऱ्यावरच्या दगडाचा धक्का मग सरळ गिअरवर जातो. मी कडक स्प्रिंगचा सेव्हर ठेवला आहे.

हॉर्न बसवताना ट्रिम (रिमोटवरून सर्व्होचा मध्य सरकवण्याची सोय) शून्यावर आणि पुरवठा चालू असावा. पंचवीस दात्यांच्या शाफ्टवर एक दाता म्हणजे १४.४ अंश, म्हणून उरलेला फरक सब-ट्रिमने (रिमोटमधील मध्याच्या बारीक सेटिंगने) काढावा लागतो. चाके पूर्ण वळल्यावर सर्व्हो गुणगुणत राहिला, तर एंड पॉइंट (सर्व्होच्या वळण्याची ठरवलेली मर्यादा) कमी करावा, कारण त्या अवस्थेत तो विनाकारण तापतो. टर्नबकलने (लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या दांडीने) पुढची चाके किंचित बाहेरच्या बाजूला वळवून पाहिली. वळण चपळ झाले, पण वेगात गाडी भरकटू लागली, म्हणून चाके पुन्हा समांतर केली.

गिअरमध्ये आता थोडी खुळखुळ जाणवते, जी इतक्या आदळआपटीनंतर मला रास्त वाटते. खोक्यावर वॉटरप्रूफ असे छापलेले आहे. ते पारखण्याचा प्रसंग आला नाही, कारण पाऊस पडल्यावर चिखल चाकांना असा लपेटतो की गाडी जागची हलतच नाही.